सफाईचा गहू

"परत ने हे." गोपिकेनं तांदळाचा एक दाणा दाताखाली दाबून पाहिला आणि डब्याला झाकण लावून तो काजलच्या हातात दिला. "कट्टकन तुटला पायजे. हा दबून राहिला. ओलसर आहे अजून."

"काकू, दोन दिवस वाळवला ना."

"कुठं? पंख्याखाली?"

काजल ओशाळून हसली.

"पंख्याखाली वाळत नाही, नुसता थंडा होते. चादरीवर पसर, खिडकीजवळ ठेव, मंग मंद आचेवर भाज. डाळ वेगळी भाज, तांदूळ वेगळा. दोघांले संगच कढईत टाकशील तर डाळ करपते न तांदूळ कच्चा राहते. परवा ये."

काजल निमूटपणे डबा घेऊन गेली. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत गोपिकेशी वाद घालणं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. तिथल्या बायका डॉक्टरच्या बोलण्यावर शंका घेत, नवऱ्याच्या तर घेतच घेत, पण बाळाच्या पिठाच्या बाबतीत गोपिकेचा शब्द शेवटचा. कोणाच्याही घरी लेकराचं उष्टावण झालं की पाठोपाठ डबा चक्कीवर यायचा. भाजलेला तांदूळ, मुगाची डाळ आणि कुटलेली खारीक, नाहीतर कच्च्या केळीच्या वाळवलेल्या चकत्या. या चक्कीचं पीठ खाऊन मोठी झालेली पोरं आता मोटारसायकली उडवत तिच्याच दारावरून जात, आणि ती हात वर करून ओरडायची, "हळू जाय रे, तुह्या खिमटीचं पीठ मीच दळलं आहे!"

चक्की सासऱ्यांची. धोंडबांनी ती सुरू केली, नवऱ्यानं, रुपरावांनी, चालवली आणि त्यांच्यामागं अकरा वर्षं गोपिका एकटी चालवत होती. धोंडबांचा नियम तिनं मोडला नव्हता. दिवसाचं पहिलं दळण बाळाचं. त्याआधी चक्की साफ करायची, म्हणजे शेरभर चांगला गहू तिच्यातून काढायचा. कालचं बेसन, उडीद, हळद, जे काही आतल्या दगडी पाट्यांना चिकटून बसलं असेल ते सगळं त्या गव्हासोबत बाहेर पडतं. ते पीठ गायीला घालायचं आणि मग लेकराचा डबा ओतायचा. शेजारच्या वस्तीतले चक्कीवाले हे करत नाहीत, हे ती येणाऱ्या प्रत्येक नव्या आईला आवर्जून सांगायची.

आज काजलचा डबा परत गेला, पण सोनिकाच्या बाळाचा डबा कालच आणून ठेवलेला होता. गोपिका तो उघडणार, इतक्यात दारात पार्वतीबाई येऊन उभी राहिली. दोन गल्ल्या सोडून राहणारी, पंचवीस वर्षांची मैत्रीण. तिच्या हातात दळणाची पिशवी नव्हती आणि डोळे सुजलेले होते.

"गोपिका, तू मले किती वर्षांपासून ओळखते वं?"

"झालं काय?"

"मी माह्या नातीच्या डब्यात गहू टाकीन का?"

गोपिकेनं तिला आत घेतलं, पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. पार्वतीबाईनं पाण्याला तोंड लावलं नाही. ती सांगू लागली.

पार्वतीबाईची नात खुशी आठ महिन्यांची. दीड महिन्यापूर्वी तिला पहिल्यांदा गव्हाचा दलिया भरवला, तेव्हा तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला गहू चालत नाही, कणभरसुद्धा नाही. त्यावर पार्वतीबाई चारचौघींत हसली होती. गव्हानं कोणाला काही होतं का, आम्ही पोळीवरच वाढलो, असं म्हणाली होती. ते तिच्या बोलण्यातच होतं, मनात नव्हतं. खुशीची आई मिनल मात्र जपून राहिली. तिनं भात वेगळा दिला, मुगाचं पाणी वेगळं दिलं, केळ वेगळं दिलं, एकेक वस्तू आठवडाभर देऊन पाहिली. सगळं मानवलं. तिची सदर भागातल्या ऑफिसातली रजा संपत आली होती. आपल्यामागं आजीला भरवता यावं म्हणून तिनं महिनाभराचं पीठ करायचं ठरवलं. तांदूळ, डाळ भाजली, कच्च्या केळीच्या चकत्या वाळवल्या, डबा भरला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: गहू नाही.

शनिवारी तो डबा पार्वतीबाईच चक्कीवर घेऊन आली होती, आणि तिनंच घरी नेला. सोमवारी पहिली वाटीही तिनंच भरवली.

"पाव घंटाही नाही झाला वं. तोंड सुजलं, उलट्या सुरू झाल्या, श्वास लागला. ऑटोत मले वाटलं, गेली माही पोट्टी." पार्वतीबाईनं पदर तोंडाशी धरला. "डॉक्टरनं इंजेक्शन दिलं म्हणून वाचली. आता खेळून राहिली. पण त्यानं येवढंच इचारलं, गहू गेला का पोटात? न् मिनलनं माह्याकडं पायलं. बोलली काही नाही. नुसतं पायलं."

"मंग?"

"तवापासून पोरीले माह्या हाती देत नाही. तिचा भाऊ येऊन राहिला कळमेश्वरहून, गाडी घेऊन. बारा वाजता निघतात. तिथूनच नोकरीवर जाणं-येणं करीन म्हणते, तिची आई सांभाळीन खुशीले. न् जितेंद्र काय म्हणते माहीत आहे? आई, खरं सांगून टाक, आमी रागावणार नाही." पार्वतीबाई रडायला लागली. "पोटचा पोरगा वं माहा."

गोपिकेनं तिला रडू दिलं. मग सरळ विचारलं, "टाकला का तू? थोडासा? ताकदीसाठी म्हणून?"

"खुशीची आन."

गोपिकेला तेवढं पुरे होतं. पार्वतीबाई भांडखोर होती, तोंडाची फटकळ होती, पण नातीची खोटी आन घेणारी नव्हती.

"रडू नको. मी येते तुह्यासंग. डबा मी उघडला, मी दळला. त्याच्यात गव्हाचा एक दाणा नव्हता, हे मी सांगते तिले छातीठोकपणे. केळीत काही असन, नाहीतर डाळीत भेसळ असन. गोपिकाबाईच्या शब्दाले येवढी तर किंमत आहे. येवढं सोनिकाचं दळण टाकते न् निघू."

असं म्हणत तिनं चक्कीचं बटण दाबलं, पट्टा फिरू लागला, आणि रोजच्या सवयीनं तिनं शेरभर गहू वरच्या पेटीत ओतला. ते पीठ काढून बाजूला ठेवलं. पेटी झटकली, कापडी नळी झटकली, सोनिकाचे तांदूळ आणि डाळ ओतली. पहिलं पीठ पडू लागलं तशी तिनं चिमूट उचलून अंगठ्यानं तळहातावर पसरली. बारीक पडलं की नाही हे पाहायची ही तिची रीत.

पीठ बारीक होतं. पांढरं, किंचित पिवळसर. आणि त्या पांढऱ्यात तांबूस कण होते.

तिनं दुसरी चिमूट घेतली. तिसरी घेतली. दारातल्या उजेडात हात नेऊन पाहिला. गव्हाचा कोंडा ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता. हजारो वेळा पाहिलेलं हे पीठ, आणि हे कण तिला आजवर कधी दिसले नव्हते, कारण गहू तिच्या लेखी घाण नव्हताच. घाण म्हणजे बेसन, घाण म्हणजे हळद. गहू म्हणजे स्वच्छ. गव्हानं तर ती चक्की धूत होती.

तिनं चक्की बंद केली.

आता इथं एक गोष्ट खरी सांगायला हवी. हे कोणालाही कळलं नसतं. मिनलला सासूचा संशय होता, डॉक्टरला चक्की माहीत नव्हती, आणि पार्वतीबाईला पिठातलं काही दिसलं नव्हतं. गोपिका ठरल्याप्रमाणे गेली असती आणि डब्यात गहू नव्हता असं म्हणाली असती, तरी तो शब्द खोटा ठरला नसता. डब्यात नव्हताच. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. ती घाबरली. आयुष्यात फार कमी वेळा ती अशी घाबरली होती.

"काय झालं?" पार्वतीबाईनं विचारलं.

"पार्वतीबाई," गोपिका म्हणाली, "गहू मी टाकला."

"काय बोलून राहिली?"

"तुह्या डब्याच्या आंधी मी शेरभर गहू काढला चक्कीतून. रोज काढते. त्याचं पीठ राहते आतमंधी पाट्यांत. ते तुह्या डब्यात आलं."

"पण तू तर चक्की साफ केली होती ना?"

"साफच केली. गव्हानं केली."

पार्वतीबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग उठली. दारातून बाहेर पडली आणि घराच्या दिशेनं चालू लागली. गोपिकेनं शटर ओढलं, कुलूप लावलं आणि तिच्यामागून निघाली. वाटभर पार्वतीबाई दहा पावलं पुढं होती. एकदाही वळून तिनं मागं पाहिलं नाही आणि गोपिकेनंही तिला गाठायची घाई केली नाही.

मिनलच्या दोन बॅगा दारातच भरून ठेवलेल्या होत्या. ती बाळाचे कपडे तिसरीत कोंबत होती, आणि खुशी सतरंजीवर पालथी पडून किरकिरत होती. गोपिका उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, काही न गाळता.

मिनलच्या हातातलं झबलं हातातच राहिलं.

"मी डब्यावर लिहिलं होतं, काकू."

"हाव. वाचलं होतं मी."

"मग?"

"डब्यात नव्हता, चक्कीत होता. मले तो गहू दिसतच नव्हता. आमच्यात चक्की अशीच साफ करतेत. कोणाले गहू सोसत नाही, हे माह्या डोक्यातच कधी आलं नाही."

"डोक्यात आलं नाही?" मिनलचा आवाज चढला. "माझी पोरगी ऑटोत श्वास घेत नव्हती. तिचे ओठ निळे पडले होते. आणि तुम्ही म्हणता डोक्यात आलं नाही? साऱ्या गल्लीले तुम्हीच सांगत फिरता ना, माझ्यासारखी स्वच्छ चक्की नाही कोणाची?"

"हाव. मीच सांगत होती."

"तीन दिवस मी आईंवर..." मिनलनं सासूकडे पाहिलं. पार्वतीबाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती, परक्याच्या घरात उभं राहावं तशी. गोपिकेला वाटलं, या पोरीनं आपल्याला आणखी चार शब्द बोलावेत, मोठ्यानं बोलावेत. पण मिनल खाली बसली आणि खुशीला उचलून तिनं छातीशी धरलं. पोर आता जोरात रडू लागली.

"भुकेली आहे ते," गोपिका म्हणाली.

"दूधच देऊन राहिली तीन दिवसांपासून. दुसरं काही द्यायले हात धजत नाही माझा."

"मिक्सर आहे ना घरी?"

"तुम्ही कशाले हात लावू नका आता," मिनल एकदम म्हणाली.

"नाही लावत. मी इथं बसते. मी सांगते, तू कर. एकदा पाहून घे, मंग तुले कोणत्याच चक्कीची गरज नाही पडणार."

मिनलनं क्षणभर विचार केला. मग मूल कडेवर घेऊनच ती ओट्याशी गेली. गोपिका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"पहिले सांग, या भांड्यात काय काय वाटलं आजवर?"

हे विचारताना तिलाच लाज वाटली. हाच प्रश्न तिनं आपल्या चक्कीला कधी विचारला नव्हता.

"चटणी. डोशाचं पीठ. बस."

"झाकणाचं रबर काढ."

मिनलनं रबराची चकती सुरीनं उचकटली. तिच्याखाली पांढरट, वाळलेला थर होता, आणि त्यात बारीक रवाळ दाणे. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"रवा," ती हळूच म्हणाली. "मागच्या महिन्यात बारीक केला होता. रवा म्हणजे..."

"गहूच."

मिनलच्या चेहऱ्यावरचा राग उतरल्यासारखा झाला, तसं गोपिकेनंच सांगून टाकलं, "त्यानं माही चूक लहान नाही होत. हे भांडं ठेव बाजूले. दुसरं आहे का, न वापरलेलं?"

सगळ्यात छोटं भांडं अजून खोक्यातच होतं. मिनलनं ते काढलं, कढत पाण्यानं धुतलं, नव्या कोऱ्या फडक्यानं कोरडं केलं. कढई पोळ्यांच्या घरातली म्हणून गोपिकेनं ती नको म्हटलं. स्टीलचं पातेलं घासून घ्यायला लावलं. मूठभर तांदूळ, त्याच्या निम्मी डाळ. मिनल आधी डाळीकडे वळली, तशी गोपिका म्हणाली, "आधी तांदूळ. फुलल्यासारखा दिसला की उतरव. घाई नको करू." तांदूळ भाजला, डाळ भाजली, बदामी रंग आला, घरभर खमंग वास पसरला. उरलेल्या केळीच्या चार चकत्या मोडून टाकल्या. मिक्सर थांबून थांबून फिरवायचा, म्हणजे पीठ तापत नाही, हे गोपिकेनं हातवारे करून दाखवलं. पिठाची चाळणी घरात असून उपयोगाची नव्हती, तिच्यातून रोज कणीक चाळली जात होती. मिनलनं आपल्या धुवून ठेवलेल्या मलमलच्या ओढणीतून पीठ गाळलं.

दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवलं, गाठ राहिली नाही असं पाहिलं, मग गॅसवर. सतत ढवळत शिजवलं. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकं झालं, तेव्हा गोपिका म्हणाली, "बस."

वाटी निवली. मिनलनं चमचा उचलला, तो खुशीच्या ओठांपर्यंत नेला, आणि तिथंच थांबवला. तिला ते जमेना. दोनदा तिनं चमचा परत वाटीत ठेवला.

मग ती उठली, दाराशी उभ्या असलेल्या सासूपाशी गेली आणि खुशीला तिच्या हातांत दिलं. वाटीही दिली.

"आई, तुम्ही भरवा," ती म्हणाली. "मी बघते."

पार्वतीबाई खाली बसली. तिनं नातीला मांडीत घेतलं. पहिला चमचा खुशीनं अर्धा सांडला, दुसरा गिळला, तिसऱ्याला तिनं स्वतःच तोंड उघडलं. पार्वतीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर तिघी बसून राहिल्या. खुशीचं झबलं वर करून ठेवलं होतं. पोट, गाल, कानांमागची जागा, तिघींच्या नजरा तिथंच फिरत होत्या. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मिनलच्या फोनवर भावाचा फोन आला, गाडी खाली येऊन थांबली होती. "थांब जरा," एवढंच ती म्हणाली. खुशी आजीच्या बांगड्यांशी खेळली, कंटाळली आणि झोपली. तास झाला. दीड तास झाला. मिनलनं वाकून तिच्या श्वासाजवळ कान नेला, पोटावरून बोट फिरवलं.

"काही नाही, आई," ती म्हणाली. "काही नाही आलं." आणि मग पार्वतीबाईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ती मोठ्यानं रडली. पार्वतीबाईनं एक हात नातीखालून हळूच काढून सुनेच्या पाठीवर ठेवला.

गोपिका उठली. चपला घालताना मागून मिनलचा आवाज आला.

"काकू, मी कोणाजवळ बोलणार नाही."

"मी बोलीन," गोपिका म्हणाली. "तुले काहून लपवा लागते?"

पार्वतीबाईनं मान वर केली नाही. गोपिकेनं तिच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. राग होता, तो रास्त होता, आणि तो किती दिवस ठेवायचा हे पार्वतीबाईचं तिनं ठरवायचं होतं.

चक्कीसमोर उन्हात सात-आठ माणसं खोळंबली होती. बंद शटर पाहून कोणी फोन लावून बघत होतं. पायरीवर डबे ओळीनं मांडले होते, त्यांत दोन छोटे, बाळांचे. सोनिका आपलं पीठ न्यायला आली होती. तिच्यामागं म्हातारे आनंदराव जवारीचं पोतं टेकवून उभे होते.

"कुठं गेली होती वं?" ते म्हणाले. "दोन घंटे झाले."

गोपिकेनं कुलूप काढलं नाही. शटरला पाठ लावून ती सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. चक्कीच्या घरघरीवरून ऐकू जाण्याची सवय असलेल्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं तिनं सांगितलं. कोणाच्या लेकराला काय झालं, हे नाव न घेता. चक्की कशानं साफ होते, हे. आपल्याला काय दिसलं नाही, हे. "ज्याच्या लेकराले गहू सोसत नाही, त्यानं इथं दळू नका. ज्यानं अजून गहू चाखवून नाही पायला, त्यानंही इथं दळू नका. घरी मिक्सरात कसं करायचं ते मी शिकवीन. फुकट शिकवीन."

मग तिनं शटर वर केलं, आत गेली, पेटीत उरलेलं दळण आणि पडलेलं पीठ सोनिकाच्या डब्यात भरून तो तिच्यासमोर धरला. "यात माह्या चक्कीचा गहू आहे. हे बाळाले देऊ नको. तुले तांदूळ, डाळ नवी भरून देते."

सोनिकानं डबा घेतला. ती वळली आणि निघून गेली. पायरीवरून दुसऱ्या एका बाईनं आपला छोटा डबा उचलला. तिच्यामागून आणखी एकीनं. गोपिकेनं कोणालाही हाक मारली नाही. पट्ट्यावर हात फिरवून तो जागेवर आहे असं तिनं पाहिलं, पदर खोचला आणि दाराशी आली.

"पुढचं दळण कोणाचं?" तिनं विचारलं, आणि हात पुढे करून उभी राहिली.